गादीवरचा माणूस आणि जिन्यावरचा माणूस

लंडनच्या दुमजली बसमध्ये पूर्वी दोन कर्मचारी असत, चालक आणि वाहक. दोघेही साधारण एकाच सामाजिक थरातले. चालक पाळीचा बहुतेक वेळ आसनावर बसलेला असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी जिन्यावरून सतत वर-खाली करी आणि दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या परिवहन सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार वाहकांना कमी प्रमाणात होत होता, झालाच तर अधिक उतारवयात होत होता आणि त्यातून तत्काळ मृत्यू येण्याचे प्रमाणही चालकांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांची तुलना केली, तेव्हाही कौल त्याच दिशेने गेला.

मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील, अशी रास्त शंका पुढे आली. मॉरिस यांनी तिचाही माग काढला आणि त्यासाठी चक्क गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. चालकांची कंबर खरोखरच रुंद निघाली. परंतु कंबरेचा घेर हिशेबात धरूनही वाहकांचे पारडे जडच राहिले.

बाजारपेठेतील कोणत्याही पिढीजात दुकानात ही जोडी आजही दिसते. शेठजी सकाळी गादीवर बसतात आणि माळ्यावरून माल उतरवणारा मदतनीस दिवसभर शिडी चढतो. मागच्या पिढीतील व्यापारी निदान वसुलीसाठी पेठ पायी पालथी घालत असत. आता मागणी, भरणा आणि तगादा ही तिन्ही कामे हातातल्या मोबाइलवर होतात.

जिना चढणाऱ्याच्या शरीरात नेमके काय घडते? स्नायूंचे रोकड चलन म्हणजे ‘एटीपी’ हा रेणू. गल्ल्यात ही रोकड फार थोडी असते, जोरदार हालचालीला ती दोन-तीन सेकंदच पुरते. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेटची हाताशी ठेवलेली पुंजी आणखी काही सेकंद निभावून नेते. मग स्नायूंतील ग्लायकोजेनचे कोठार उघडावे लागते. येथे व्यापाऱ्याला सहज समजेल असा हिशेब आहे. प्राणवायूविना ग्लुकोजचा एक रेणू खर्ची घातला तर हाती दोन एटीपी येतात, प्राणवायूच्या साहाय्याने तोच रेणू सुमारे तीस देतो. चरबी ही मोठी मुदत ठेव आहे. ती मोडण्यास वेळ लागतो, म्हणून सावकाश आणि दीर्घ चालण्यात तिचा वाटा अधिक असतो.

प्राणवायूचा पुरवठा मागणीइतका वाढण्यास एक-दोन मिनिटे लागतात. तोवरची तूट नंतर भरून काढावी लागते, म्हणूनच वर पोहोचल्यावरही काही वेळ धाप चालूच राहते. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी या अवस्थेला १९२०च्या दशकात नाव दिले ते थेट वहीखात्यातले, ‘प्राणवायूचे ऋण’. त्या जादा श्वासाचा काही भाग तापलेले शरीर आणि खवळलेली संप्रेरके पूर्वपदावर आणण्यात खर्च होतो, हे पुढे स्पष्ट झाले. व्याजच म्हणावे.

सर्वांत थक्क करणारा व्यवहार रक्ताचा आहे. पहिली पायरी चढण्याची आज्ञा मेंदू पायांना देतो, तेव्हाच हृदयालाही इशारा जातो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते, कठोर श्रमात हा आकडा वीसच्या पुढे जातो. एरवी स्नायूंच्या वाट्याला त्यातील जेमतेम पाचवा हिस्सा येतो. श्रमाच्या कळसाला चार पंचमांश रक्त तिकडे वळते. जठर, आतडी आणि मूत्रपिंडे यांच्या वाट्याला कात्री लागते, मेंदूचा पुरवठा मात्र राखला जातो. भरल्या पोटी धावू नये या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यामागे हीच वाटणी आहे. खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागाचेच काम होते, उरलेली उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही रक्त वळते आणि घाम सुटतो.

पायांपर्यंत गेलेले रक्त परत वर आणण्याचे बरेचसे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. प्रत्येक पावलागणिक ते शिरा दाबतात आणि शिरांतील झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत. दिवसभर गादीवर बसणाऱ्याचे हे पंप बंद असतात, म्हणून संध्याकाळी पावले सुजतात. वेगाने चालून एकाएकी थांबले तर भोवळ येते तीही याच कारणाने. शेवटची पाच मिनिटे गती उतरवीत चालावे.

मधुमेहाने ग्रासलेल्या व्यापारी कुटुंबांसाठी सर्वांत मोलाची बाब निराळीच आहे. रक्तातील साखर पेशीत शिरण्यासाठी एरवी इन्सुलिनची किल्ली लागते. आकुंचन पावणारा स्नायू मात्र तिच्यावाचूनही दार उघडतो आणि साखर आत घेतो. श्रमानंतर कित्येक तास, कधी दोन दिवसांपर्यंत, स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. त्यानंतर हा लाभ ओसरतो. रविवारी एकदाच तीन तास टेकडी तुडवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फलदायी ठरतो तो यामुळेच. सूर्यास्तापूर्वी भोजन करून पुन्हा दुकानी बसणाऱ्यांना ही वेळ आयती लाभली आहे. जेवणानंतर दुकानापर्यंतचे अंतर सावकाश पायी कापले, तरी चढू पाहणारी साखर आवरते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत धाप म्हणजे मध्यम. मात्र सकाळचा तासभराचा फेरफटका उरकून पुढे दहा तास न हलणे हा हिशेब पुरा नव्हे. अर्ध्या-पाऊण तासाने गादीवरून उठावे, नमुना दाखविण्यास स्वतः माळ्यावर जावे. काही आठवड्यांत हृदय दर ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते आणि विश्रांतीतील नाडी मंदावते.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच वर्षानुवर्षे बैठे जीवन जगलेल्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. जिना चढताना छातीत दाब जाणवला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर ती पित्ताची तक्रार समजून गादीवर परत बसू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.