वंशाचे कोडे आणि विद्वानांची भागीदारी

सोलापुरात दोन अनोळखी माणसांची गाठ पडली की नाव-गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो : "तुम्ही मूळचे कुठले?" या शहरात त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात क्वचितच मिळते. पूर्व भागात मागावर बसलेला विणकर घरात तेलुगू बोलतो, सिद्धेश्वराच्या यात्रेत कन्नड कानी पडते, विजापूर वेशीत दख्खनी उर्दू चालते आणि कचेरीत सर्वांचीच मराठी होते. तेव्हा वंश म्हणजे काय, तो कोणी व कसा ठरवावयाचा, हा आपल्याकडे केवळ पुस्तकी प्रश्न नाही. शिवाय याच शहरात त्या प्रश्नाच्या एका चुकीच्या उत्तरापायी हजारो माणसांना तारेच्या कुंपणात राहावे लागले आहे.

'सेटलमेंट' हे नाव सोलापूरकरांना सांगावयास नको. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या सुधारणेनंतर तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. अमुक जातीत जन्मला म्हणून तो गुन्हेगार, असे गृहीत धरून कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जातींची नोंद करावयाची, त्यांची हजेरी घ्यावयाची आणि वसाहतीत त्यांना डांबून ठेवावयाचे, असा हा कारभार. सोलापूरची वसाहत इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक. येथील गिरण्यांना मजूर लागत आणि वसाहतीत मजूर आयते मिळत, हा व्यवहारही ध्यानात ठेवला पाहिजे.

मुलाने चोरी केलेली नसताना त्याला चोर ठरविण्यास काही तरी शास्त्रीय वाटणारा आधार लागतो. तो त्या काळच्या वंशविचाराने पुरविला. कायदा करणाऱ्यांनी तर उघडच म्हटले होते की, ज्या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तेथे चोराचा मुलगा चोरच व्हावयाचा. पुढे हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने माणसांची नाके मोजण्यास आरंभ केला. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हे त्याचे नासिकामान. हा आकडा जितका लहान तितकी जात वरची, असा त्याचा सिद्धान्त. 1901 च्या खानेसुमारीचा प्रमुख तोच होता. आपण महाराष्ट्रीय ब्राह्मण आणि कुणबी त्याच्या वर्गवारीत शक व द्रविड यांचे मिश्रण ठरलो. मोजणारा एकटा, गणित सोपे आणि पाठीशी सरकार, असा हा प्रकार होता.

या सिद्धान्ताला पहिला जोराचा धक्का मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातून बसला. डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात रिस्लेचेच आकडे पुन्हा तपासून दाखविले की, नाक आणि जातीची पायरी यांचे जुळते ते उत्तर हिंदुस्थानात. मुंबई इलाख्यात ते तसे जुळत नाही. घुर्ये यांच्याच एक विद्यार्थिनी इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत गेल्या. गोऱ्या माणसाच्या कवटीतील डाव्या-उजव्या बाजूंचा फरक त्याच्या बुद्धीच्या श्रेष्ठपणाशी जोडावयाचा, अशी तेथील कल्पना. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा भेद आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. गुरूच्या घरी बसून गुरूचे म्हणणे खोडण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. फिशर हे पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाचे आधारस्तंभ झाले, हे पाहता त्या धैर्याचे मोल अधिकच वाटते.

1939 साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि कर्वे तेथे रुजू झाल्या. आमच्या विषयाचा गाभा येथे आहे. या संस्थेत पुरातत्त्व, भाषाशास्त्र, समाजशास्त्र असे विभाग शेजारी शेजारी होते. डॉ. ह. धी. सांकलिया यांना गुजरातेत लांघणज येथे दगडी हत्यारांबरोबर मानवी सांगाडे सापडू लागले, तेव्हा कर्वे त्या मोहिमेत गेल्या. हत्यारे ओळखणारा वेगळा आणि हाडे ओळखणारा वेगळा. दोघे एका खड्ड्याशी बसल्याखेरीज त्या मृतांविषयी काही बोलता येत नाही.

याहून महत्त्वाची भागीदारी झाली ती गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांशी. महाराष्ट्रातील जातींच्या शारीरिक मोजमापांचा कर्वे-दांडेकर ग्रंथ 1951 साली प्रसिद्ध झाला. (दांडेकरांचे नाव पुढे दारिद्र्याच्या अभ्यासामुळे गाजले, तत्पूर्वी त्यांनी माणसांच्या डोक्यांच्या लांबी-रुंदीचा हिशेब केला होता, हे थोड्यांना ठाऊक असते.) संख्याशास्त्रज्ञाची गरज का पडावी? समजा, दोन जातींतील माणसांची उंची, हाताची लांबी आणि डोक्याचा घेर आपण मोजला. उंच माणसाचा हात लांब असणारच. मग उंचीतला फरक आणि हातातला फरक असे दोन फरक धरले, तर एकच गोष्ट आपण दोनदा मोजली. तसेच एकाच जातीत उंच-बुटके किती आहेत हे पाहिल्याशिवाय दोन जातींच्या सरासरीतील फरकाला अर्थ नाही. शिवाय एकच डोके दोघांनी मोजले तर आकड्यात थोडा फरक पडतोच.

या अडचणीतून वाट काढणारे गणित प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी शोधले आणि त्याचे बीज आपल्या नागपुरात पडले. 1920 साली तेथे विज्ञान परिषद भरली असता प्राणिशास्त्रज्ञ अॅनंडेल यांनी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापे त्यांच्या हवाली केली. महालनोबीस पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पण त्या आकड्यांतून सुरू झालेल्या विचारातून पुढे दोन गटांमधील 'अंतर' मोजण्याची रीत निघाली आणि ती आज जगभर वापरतात. 1941 च्या संयुक्त प्रांताच्या पाहणीत लखनौचे मजुमदार मोजणारे आणि महालनोबीस व सी. आर. राव गणित करणारे, अशी जोडी जमली होती.

महाराष्ट्रात या मार्गाने काय हाती आले, ते कुंभारांच्या उदाहरणाने सांगतो. 'कुंभार' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच जात येते. पण थोरचाके कुंभार मोठ्या चाकावर मडकी घडवितात, लहानचाके लहान चाकावर; त्यांच्यात बेटीव्यवहार नाही, रीती वेगळ्या आणि मोजमापेही वेगळी. कर्वे यांनी म्हटले की, एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या असे सर्वत्र नाही. अनेक निरनिराळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली गोळा झाले. 1968 साली कर्वे व कैलास मल्होत्रा यांनी सारख्याच पायरीवरील आठ ब्राह्मण गट तपासले, तेव्हा तेथेही एकजिनसीपणा सापडला नाही. पायरी सारखी म्हणून शरीर सारखे नव्हे. रिस्लेची शिडी येथे मोडते.

भाषेचे जाणकार या कामी काय देतात, तेही पाहण्याजोगे आहे. कैकाड्यांची आपसांतील बोली पोलिसांना चोरांची सांकेतिक भाषा वाटे. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत ती द्राविडी भाषांच्या खंडात, तमिळच्या जवळची म्हणून नोंदलेली आहे. पारध्यांची बोली गुजरातीच्या घराण्यातली. म्हणजे एकाच कुंपणात दक्षिणेकडून आलेले आणि वायव्येकडून आलेले असे लोक कोंडले होते आणि कायद्याने त्यांना एकच 'गुन्हेगारी' स्वभाव चिकटविला होता!

मात्र भागीदारी म्हटली की ती चांगलीच, असे आम्ही मानीत नाही. जर्मनीत रॉबर्ट रिटरच्या संशोधन केंद्राने जिप्सींची मोजमापे आणि वंशावळी गोळा केल्या. तेथे डॉक्टर होते, मानववंशशास्त्रज्ञ होते आणि पोलीसही होते. त्या नोंदींच्या आधारे माणसे छळछावण्यांत गेली. त्या केंद्रात काम केलेल्या झोफी एर्हार्ट यांचे नाव लांघणजच्या सांगाड्यांवरील 1965 च्या डेक्कन कॉलेजच्या ग्रंथावर केनेडी यांच्या नावाशेजारी छापलेले आहे, हे वाचताना आम्ही थबकलो. विद्वान कोणाच्या शेजारी बसतो, याची चौकशी त्याच्या आकड्यांइतकीच केली पाहिजे.

आता कवट्यांची जागा जनुकांनी घेतली आहे. 2009 साली हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह दाखविले की, भारतातील बहुतेक सर्व गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. फरक आहे तो प्रमाणाचा. 2019 साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील जनुके वाचली गेली, त्या कामातही डेक्कन कॉलेजचे उत्खनक आणि जनुकशास्त्रज्ञ एकत्र होते.

ज्यांची मोजणी झाली ते मात्र फार काळ भागीदार झाले नाहीत. 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला आणि 'विमुक्त' हे नाव रूढ झाले. विमुक्त व भटक्यांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्याकडे आले आणि 2008 साली अहवाल सादर झाला. भटक्यांतल्याच माणसाने भटक्यांची स्थिती लिहिली, ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते. पण या लोकांची विश्वसनीय शिरगणती त्या वेळीही हाताशी नव्हती, कारण सर्व जातींची मोजणी 1931 नंतर झालेलीच नव्हती. पुढील जनगणनेत जात नोंदण्याचा निर्णय एप्रिल 2025 मध्ये झाला आहे.

गणक सेटलमेंट फ्री कॉलनीत येईल तेव्हा एखादा म्हातारा जात सांगेल, 'कैकाडी'. सोलापूरचा कैकाडी विमुक्त जातीत मोडतो. नागपूरचा त्याचा सोयरा अनुसूचित जातीत. त्यांचे नाक, बोली, कूळ यांपैकी कशानेही हा भेद पडलेला नाही. जुन्या मुंबई इलाख्याची आणि जुन्या मध्यप्रांताची हद्द त्या दोघांच्या मधून जात होती, एवढेच.