वेळचाचणी (जलतरण सराव)

ठरावीक अंतर पूर्ण प्रयत्नाने पोहून त्यास लागलेला वेळ घड्याळावर मोजणे, यास जलतरणाच्या सरावात वेळचाचणी म्हणतात. ही स्पर्धा नव्हे. स्पर्धेत शेजारच्या मार्गिकेतील पोहणाऱ्याशी गाठ असते. चाचणीत पोहणाऱ्याची तुलना महिन्यापूर्वीच्या त्याच्याच वेळेशी होते. म्हणून चाचणीत किती वेळ लागला याइतकेच ती कोणत्या परिस्थितीत घेतली, यालाही महत्त्व असते.

महत्त्व

जलतरणात यश आणि अपयश यांतील अंतर अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे याने 2010च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लाय प्रकारात 24.31 सेकंदांत कांस्यपदक मिळवले. 1986मध्ये खजान सिंग यांनी रौप्यपदक मिळवल्यानंतर आशियाई स्पर्धेतील जलतरणात भारताला मिळालेले हे पहिले पदक होते. पुढे 2018मध्ये जाकार्ता येथे 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मात्र अंतिम फेरीत त्याला 22.47 सेकंद लागले आणि कांस्यपदक 0.01 सेकंदाने हुकले. प्राथमिक फेरीतील वेळ अंतिम फेरीत साधली असती, तर पदक त्याचेच होते. धावण्यातही हेच घडते. बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे याचे 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील 3,000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने गेले.

मोजमापालाही मर्यादा असते. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मिडले शर्यतीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅककीवर 0.002 सेकंदाने मात केली. तलावाच्या दोन मार्गिकांच्या लांबीतच याहून अधिक फरक असू शकतो, हे ध्यानात घेऊन पुढे शतांश सेकंदापर्यंतचाच वेळ ग्राह्य धरण्याचा नियम झाला. शाळेच्या सरावात तर घड्याळ हातात असते. कळ दाबणाऱ्याच्या बोटामुळे एक-दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे होतात. त्यामुळे तेवढ्याच सुधारणेवरून विद्यार्थ्याचे कौतुक करणे किंवा तेवढ्याच घसरणीवरून त्याला रागावणे, दोन्ही घाईचे ठरते.

पद्धत

मध्यम पल्ल्यासाठी 400 मीटर आणि 200 मीटर अशा दोन चाचण्या एकाच दिवशी, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन घेतल्या जातात. दोन्ही वेळांतील फरकास दोनने भागले की दर 100 मीटरची टिकाऊ गती मिळते. समजा, 400 मीटरला 8 मिनिटे व 200 मीटरला 3 मिनिटे 45 सेकंद लागले. फरक 255 सेकंदांचा. म्हणून गती 100 मीटरला सुमारे 2 मिनिटे 7 सेकंद. त्यानंतरच्या आठवड्यांत याच गतीने 100 मीटरचे आठ ते दहा तुकडे पोहतात आणि दर 2 मिनिटे 25 सेकंदांनी पुढचा तुकडा सुरू करतात, म्हणजे मध्ये सतरा-अठरा सेकंदांचा श्वास मिळतो. येथे चाचणी सरावापासून वेगळी राहत नाही. पुढील सरावाचे माप तीच ठरवते.

या गणितात एक फसगत आहे. विद्यार्थ्याने 400 मीटरचे पहिले 100 मीटर जोशात मारले आणि शेवटी तो रेंगाळला, तर उत्तर खोटे येते. प्रत्येक 50 मीटरचा वेळ स्वतंत्र लिहिल्यास हा दोष लगेच उघड होतो.

वेळापत्रकातील स्थान

चाचणी दर चार ते सहा आठवड्यांनी पुरते. तीन आठवडे सराव वाढवत न्यावा, चौथा हलका ठेवावा व त्याच्या अखेरीस चाचणी घ्यावी, ही रूढ रीत आहे. त्या दिवशी मुख्य सरावाच्या जागी चाचणी असते. सराव संपवून थकलेल्या मुलाला वर आणखी चाचणीस उभे करू नये. दर आठवड्याला पूर्ण ताकदीने पोहायला लावणारे उत्साही प्रशिक्षक आढळतात. त्यातून थकवा मोजला जातो, प्रगती नव्हे.

वेळ, तलाव, सरावपूर्व पोहणे आणि शक्य तर घड्याळ धरणारी व्यक्तीही प्रत्येक वेळी तीच असावी. सूर मारून केलेली सुरुवात भिंतीला पाय रेटून केलेल्या सुरुवातीपेक्षा जलद असते. तसेच 25 मीटरच्या तलावात वळणे अधिक असल्याने तेथील वेळ 50 मीटरच्या तलावापेक्षा कमी येतो. या नोंदी एकाच रकान्यात मिसळू नयेत. वेळेशेजारी हातांची संख्याही लिहावी: वेळ घटला आणि हातही घटले, तर तंत्र सुधारले, वेळ घटला पण हात बरेच वाढले, तर केवळ जोर वाढला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची उंचीच वाढत असते, तेव्हा त्यांची सगळीच सुधारणा सरावाच्या खात्यावर मांडता येत नाही.

विहिरीतील सराव

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पोहण्याचे पहिले धडे पुष्कळदा विहिरीत मिळतात. पाठीला रिकामा डबा, सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून मुले पाण्यात सोडण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. अशा मुलांना पाण्याची भीती नसते. परंतु डोके पाण्याबाहेर ठेवण्याची सवय जडल्यास लांब अंतरात ती महागात पडते. वयोगटांच्या (14, 17 व 19 वर्षांखालील) शालेय स्पर्धांत मात्र तलावातील मोजलेले अंतर समोर येते.

विहिरीत चाचणी घ्यायची तर बांधीव विहिरीचा व्यास दोरीने मोजून घ्यावा आणि अंतराऐवजी वेळ स्थिर धरावा: दहा मिनिटांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती फेऱ्या झाल्या, ते मोजावे. विहिरीच्या कडेने घातलेले वेढे कामाचे नाहीत, कारण प्रत्येक वेढ्याची लांबी बदलते. ही संख्या त्याच विहिरीतील मागच्या संख्येशीच ताडता येते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना वेळ असतो, तेव्हाच पाणी आटत जाते; म्हणून हंगामाच्या आरंभी एक आणि पाणी पुरेसे खोल असेपर्यंत दुसरी, अशा दोनच चाचण्या अनेक ठिकाणी शक्य होतात. काठावर घड्याळ पाहणाऱ्याखेरीज आणखी एक पट्टीचा पोहणारा हवा. त्याने घड्याळाकडे न पाहता पाण्यावर नजर ठेवावी आणि दोर आधीच पाण्यापर्यंत सोडलेला असावा.