परदेशी जाणारा संधाता : कसब आणि करार

१९७३ साली खनिज तेलाच्या किमती एकाएकी चढल्या आणि आखाताच्या काठावरील अरब देशांकडे अमाप पैसा येऊ लागला. नुसते कच्चे तेल विकत राहण्याऐवजी त्यावर आपल्याच भूमीत प्रक्रिया करावी, असे धोरण या देशांनी आखले. सौदी अरेबियाने जुबैल आणि यान्बू ही दोन औद्योगिक नगरे वसविण्यासाठी १९७५ मध्ये शाही आयोग नेमला. अबू धाबीतील रुवैस येथील औद्योगिक संकुलाचे उद्‌घाटन १९८२ मध्ये झाले. कतारमधील रास लफान येथून द्रवरूप नैसर्गिक वायूची पहिली निर्यात १९९६ च्या अखेरीस झाली. तेलशुद्धीकरण कारखाने, वायुप्रकल्प, साठवणुकीच्या टाक्या आणि त्यांना जोडणारे नळांचे जाळे यांच्या उभारणीत पोलादाला पोलाद जोडणारा कारागीर सर्वांत निकडीचा ठरला. हा कारागीर म्हणजे संधाता. बोलीभाषेत त्याला वेल्डर म्हणतात.

भारतातून या कामांवर जाणाऱ्या कामगारांचे एक प्रमुख द्वार म्हणजे मुंबई. परदेशी कंपन्यांसाठी होणाऱ्या अनेक कौशल्य-चाचण्या मुंबईत व तिच्या परिसरात घेतल्या जातात. रत्नागिरी, रायगड आदी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांचा आखाताशी असलेला संबंध तर पिढ्यांचा आहे. तथापि परदेशी जाणाऱ्या संधात्याचे तेथे भले होणार की तो फसणार, हे बव्हंशी तो विमानात बसण्यापूर्वीच, आपल्या गावी असतानाच ठरून जाते. या दृष्टीने त्याचे काम, त्याची परीक्षा आणि त्याची कागदपत्रे या तिन्हींची माहिती ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

कामाचे स्वरूप

मोठ्या प्रकल्पातील जोडकाम दोन ठिकाणी चालते. नळांचे तुकडे, वाकणे आणि झडपांच्या जोडकड्या प्रथम कार्यशाळेत एकत्र जोडल्या जातात. तेथे नळ फिरविता येत असल्याने संधात्याला बहुधा एकाच सोयीच्या स्थितीत काम करता येते. हे तयार भाग नंतर प्रत्यक्ष जागेवर नेऊन बसविले जातात. तेथे नळ जागचा हलत नाही. संधात्यालाच त्याच्याभोवती फिरावे लागते. कधी परातीवर उभे राहून, कधी नळाखाली आडवे होऊन, तर कधी भिंत आणि नळ यांमधील वीतभर फटीत हात घालून सांधा पुरा करावा लागतो. या नळांतून पुढे उच्च दाबाचा वायू अथवा तप्त तेल वाहणार असते. एखाद्या सांध्यात राहिलेली बारीकशी पोकळीही कालांतराने अपघाताला कारणीभूत होऊ शकते. म्हणूनच महत्त्वाच्या सांध्यांचे क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले जाते आणि दोष आढळल्यास सांधा कापून पुन्हा करावा लागतो. कोणत्या संधात्याचे किती सांधे नापास झाले, याची नोंद ठेवली जाते. त्याची पत या नोंदीवर अवलंबून असते.

पंचेचाळीस अंशांची परीक्षा

नळकामासाठी घेतली जाणारी सर्वांत परिचित परीक्षा 'सिक्स-जी' या नावाने ओळखली जाते. तीत नळाचे दोन तुकडे जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून पक्के बसविले जातात. संपूर्ण सांधा पुरा होईपर्यंत नळ फिरविता येत नाही. त्यामुळे खालून वर, बाजूने आणि डोक्यावर अशा सर्व स्थितींतील कसब या एकाच परीक्षेत पारखले जाते. सांध्याचा पहिला, सर्वांत आतला थर बहुधा आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली 'टिग' पद्धतीने घातला जातो. त्यावरील थर अनेकदा कमी हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडने भरतात. या इलेक्ट्रोडला कारागीर 'रॉड' म्हणतात. रॉड दमट राहिल्यास ओलाव्यातील हायड्रोजन पोलादात शिरतो आणि सांधा थंड झाल्यावर त्याला तडे जाण्याचा धोका असतो. यासाठी असे रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवण्याची शिस्त पाळावी लागते. पूर्ण झालेल्या सांध्याच्या पट्ट्या कापून त्या वाकवून पाहतात किंवा त्याचे क्ष-किरण चित्र घेतात.

या परीक्षेबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे 'आस्मे'ची, संहिता पुष्कळ प्रकल्पांवर लागू असते. तिच्यानुसार संधात्याने एखाद्या पद्धतीने सलग ६ महिने काम केले नाही, तर त्या पद्धतीतील त्याची पात्रता संपुष्टात येते. शिवाय नव्या मालकाकडे त्याला बहुधा पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सारांश, प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवल्याने कामास येत नाही. हाताचा सराव चालू असावा लागतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संधाता हा अभ्यासक्रम १ वर्षाचा आहे आणि त्यास ८ वी उत्तीर्ण विद्यार्थ्यास प्रवेश मिळू शकतो. या अभ्यासक्रमाने पाया पक्का होतो. परंतु नळकामाची कठीण परीक्षा देण्याइतका हात बसण्यास प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. आपल्या राज्यातील साखर कारखाने, बाष्पके बनविणारे कारखाने, जहाजबांधणीच्या गोद्या आणि रसायन-उद्योग ही या अनुभवाची उत्तम ठिकाणे होत. बाष्पकांवर जोडकाम करणाऱ्या संधात्याला १९५० च्या भारतीय बाष्पक विनियमांनी घालून दिलेली परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झालेला तरुण परदेशी चाचणीस आत्मविश्वासाने सामोरा जाऊ शकतो.

कायद्याचे संरक्षण

परदेशी रोजगारासाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणार्थ १९८३ मध्ये उत्प्रवास अधिनियम करण्यात आला. त्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या अभिकर्त्याने केंद्र शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. गावोगावी फिरणारा त्याचा तथाकथित 'माणूस' हा नोंदणीकृत अभिकर्ता नव्हे. अभिकर्त्यास सेवाशुल्क म्हणून कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढीच रक्कम घेता येते, व तिची पावती देणे हे त्याचे कर्तव्य आहे. 'ई-मायग्रेट' या शासकीय संगणकीय प्रणालीवर अभिकर्त्याची नोंदणी खरी की खोटी, हे कोणालाही पडताळून पाहता येते.

१० वी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' अशा अर्थाची नोंद असते. अशा व्यक्तीस आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची अनुमती घ्यावी लागते. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. या वर्गातील कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २०१७ च्या सुधारणेनुसार २ वर्षांसाठी २७५ रुपये अथवा ३ वर्षांसाठी ३७५ रुपये आणि कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण तीत ठेवण्यात आले.

येथे शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी एक बाब आहे. १० वी उत्तीर्ण झालेला तरुण या तपासणीतून मुक्त असतो. ही सवलत सोयीची खरी. पण त्याचे करारपत्र जाण्यापूर्वी कोणताही शासकीय अधिकारी पाहत नाही, हा तिचा दुसरा अर्थ होय. अशा तरुणाला करार स्वतःच वाचता आला पाहिजे.

कर्जाचा हिशेब

फसवणुकीचा नेहमीचा मार्ग म्हणजे पर्यटक अथवा भेटीच्या व्हिसावर पाठवून 'तेथे गेल्यावर नोकरीचा व्हिसा करून देऊ' असे आश्वासन देणे. असा कामगार त्या देशात पोहोचताच कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरू शकतो व तक्रार करण्यासही धजत नाही. दुसरा मार्ग म्हणजे करारपत्र बदलणे. येथे 'वेल्डर' म्हणून सही घेतली जाते आणि तेथे 'हेल्पर'च्या वेतनावर दुसऱ्या कागदावर सही करण्यास भाग पाडले जाते.

या दोन्ही प्रसंगी कामगार मुकाट्याने का सोसतो, याचे उत्तर बहुधा गावातील कर्जात सापडते. समजा, एखाद्या तरुणाने अनधिकृत मध्यस्थाला देण्यासाठी दरमहा शेकडा ३ दराने दीड लाख रुपये उचलले. त्याचे व्याजच महिन्याला ४,५०० रुपये, वर्षाला ५४,००० रुपये आणि २ वर्षांच्या करारात १ लाख ८ हजार रुपये होते. मुद्दल तसेच उभे राहते. जमिनीचा तुकडा किंवा घरातील सोने गहाण असताना तो परत येण्याचे धाडस करू शकत नाही. ३०,००० रुपयांची मर्यादा पाळली गेली, तर हा फास मुळातच सैल होतो.

आरोग्य आणि निवास

जोडकामातील धूर मानवामध्ये कर्करोगास कारणीभूत होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये काढला. त्यामुळे धूर ओढून घेणारे पंखे आणि योग्य मुखवटा यांची मागणी करणे हा चोचलेपणा नव्हे. बंद टाकीत आर्गॉन साचल्यास प्राणवायूच्या अभावी माणूस क्षणात बेशुद्ध होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. उन्हाळ्यात दुपारच्या उघड्यावरील कामास अनेक आखाती देशांत बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ ही विश्रांतीची वेळ असते. निवासाकडेही दुर्लक्ष होता कामा नये. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले.

गावाने करावयाचे काम

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक तरुणाचे पारपत्र, व्हिसा, करारपत्र, विमापत्र आणि अभिकर्त्याची पावती यांच्या प्रती घरी ठेवल्या गेल्या आहेत, एवढे जरी ग्रामपंचायतीने पाहिले तरी मोठे काम होईल. करारात पदनाम, मूळ वेतन, कामाचे तास, जादा कामाचा दर, भोजन, निवास, वैद्यकीय सोय आणि परतीचे तिकीट यांचा उल्लेख आहे किंवा नाही, हे शाळेतील शिक्षक त्याच्यासमवेत बसून तपासू शकतात. पैसे पाठविण्यासाठी बँकेत खाते उघडून वारसाची नोंद करणे, हे जाण्यापूर्वीच उरकावे. संकट उद्भवल्यास भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'मदद' या संगणकीय तक्रार-व्यवस्थेकडे दाद मागता येते. ही तक्रार गावातील कुटुंबीयांनाही नोंदविता येते. मात्र त्यासाठी कागद हाताशी असले पाहिजेत.

नळाच्या सांध्यात पहिला थर निर्दोष असेल तरच वरचे थर भक्कम ठरतात, हे संधाता जाणतो. परदेशातील त्याच्या नोकरीचा पहिला थर त्याच्या गावात घातला जातो. तो नीट घातला जाईल याची काळजी गावातील जाणत्यांनी वाहिली पाहिजे.