माजी सैनिकांसाठी समुपदेशक : शिष्यवृत्ती कोणती?

1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, आणि आपल्या कितीतरी घरांत लष्कराचे पेन्शन आले. निवृत्त जवानाची झोप उडते, तो दारूकडे वळतो. आपण मात्र 'स्वभावच तापट' म्हणून सोडून देतो. त्याचे ऐकून घेणारा शिकलेला समुपदेशक आपल्या वरवे बुद्रुकसारख्या गावात असायला हवा.

अमेरिकेने 2020 च्या कायद्याने यासाठीच शिष्यवृत्ती ठेवली : शिका सरकारी खर्चाने, मग माजी सैनिकांच्या केंद्रात सेवा करा. आपल्याकडे वाट जोडून घ्यावी लागते. माजी सैनिकांच्या पाल्यांची पंतप्रधान शिष्यवृत्ती (मुलांना महिना 2500, मुलींना 3000 रुपये) पहिल्या व्यावसायिक पदवीसाठी आहे, मानसशास्त्राच्या एम.ए.ला ती नाही. तेथे नवबौद्धांसह अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उपयोगी पडते. मेख अशी, की वडिलांचे पेन्शन उत्पन्नात धरले जाते व अडीच लाखांची मर्यादा सहज ओलांडते. तरी विद्यार्थ्यांनी निराश होऊ नये. मर्यादेवरील उत्पन्नाला फ्रीशिप आहे, तीत शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते. अर्ज महाडीबीटीवर करावा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा.

तोवर घरातल्या जवानासाठी 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. रात्रीही लागतो.