आवडतो तो, की निवडून येईल तो?

फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीच्या कामासाठी मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेमॉइन शहरात होतो. शहराच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'एस' आहेत आणि तिथले लोक त्यातला एकही उच्चारत नाहीत. मी पहिला आठवडाभर 'डेस मोइन्स' म्हणत राहिलो, पण कुणी हसलं नाही. माणसं तशी सभ्य. गाव विमा कंपन्यांचं, आमचा क्लायंटही विम्यातलाच. एका निवृत्त नर्सबाईंच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता. पंचाहत्तरीच्या त्या बाईंना मी मनातल्या मनात आजी म्हणायचो. तोंडाने मात्र नावानेच हाक मारायची, असा त्यांचा हुकूम होता. बडोद्याला बाबांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी विषयच बदलला.

३ फेब्रुवारीला, सोमवारी संध्याकाळी, आजी म्हणाल्या, "जेवण लवकर उरक. आज कॉकस आहे. तुला मत देता येणार नाही, पण बघायला चल."

कॉकस म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षाचे नेते बंद दाराआड ठरवतात आणि आपण नंतर चिन्ह बघून बटण दाबतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट कुणाला, हेच आधी मतदार ठरवतात. बहुतेक राज्यांत त्यासाठी प्रायमरी होते, म्हणजे नेहमीसारखं गुप्त मतदान. आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाची पद्धत वेगळी होती. एका वॉर्डातले लोक संध्याकाळी सात वाजता शाळेत, चर्चमध्ये नाहीतर वाचनालयात जमायचे आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मग मोजणी. चिठ्ठी नाही, पडदा नाही. कोण कुठे उभं आहे ते सगळ्या गल्लीला दिसतं.

ज्या कोपऱ्यात हजर लोकांच्या १५ टक्के माणसं नाहीत, तो कोपरा बाद. (अगदी छोट्या वॉर्डांत ही अट याहून कडक असे.) बाद झालेल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं किंवा आणखी माणसं ओढून आपला कोपरा जगवायचा. या मधल्या वेळात सगळे त्यांना पटवायला धावतात. मला खरं बघायचं होतं ते हेच.

१९७२ पासून या राज्याचा नंबर देशात पहिला लागत आला होता. त्या वर्षीच्या ३,९७९ प्रतिनिधींपैकी आयोवाच्या वाट्याला फक्त ४१, पण पहिल्या निकालाची बातमी देशभर होते म्हणून उमेदवार वर्षभर तिथेच मुक्काम ठोकून असत. आमच्या क्लायंटच्या कॅन्टीनमध्ये असा माणूस सापडणं कठीण, ज्याने एकाही उमेदवाराला प्रत्यक्ष ऐकलं नाही. त्यामुळे गप्पाही ऐकीव नसत. "परवा मी तिला शेतमालाच्या भावाबद्दल विचारलं, तिने दुसरंच काहीतरी सांगितलं," अशा थाटाच्या.

आजींच्या घरी आदल्या रविवारी जेवायला मुलगी आणि नातू आले होते. मुलगी विमा कंपनीत क्लेम्सच्या विभागात. नातू सतरा वर्षांचा, पण नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असल्याने त्यालाही कॉकसमध्ये हक्क होता. टेबलावर बटाट्याचं काहीतरी होतं, पण जेवण बाजूलाच राहिलं.

नातू बर्नी सँडर्सचा. म्हातारा चाळीस वर्षं एकच गोष्ट बोलतो आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास, हे त्याचं म्हणणं. सरकारने सगळ्यांचा आरोग्यविमा काढावा, सरकारी कॉलेजांची फी रद्द व्हावी. त्याची आई म्हणाली, "सरकारने सगळा विमा घेतला, तर माझ्या नोकरीचं काय? या गावाचं काय?" मी भाताकडे बघत बसलो, कारण माझीही नोकरी त्याच विम्यावर चालली होती. शिवाय सँडर्स ७८ वर्षांचे, चारच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. आजी नर्स, त्यामुळे त्या मुद्द्यावर त्यांचं मत अंतिम मानलं गेलं. "स्टेंट घातलाय. बरा आहे. पण प्रचार म्हणजे पायपीट असते."

मुलीला पीट बुटिजेज पसंत. वय ३८, अफगाणिस्तानात लष्करी सेवा केलेला, बोलणं इतकं स्वच्छ की वाक्य मध्येच तुटत नाही. नातू म्हणाला, "अनुभव काय? लाखभर वस्तीच्या गावाचा महापौर." ते खरंच होतं. आणि कृष्णवर्णीय मतदार त्याच्यामागे नाहीत, हेही खरं होतं. गोऱ्यांचीच बहुतांश वस्ती असलेल्या आयोवात ते जाणवत नाही एवढंच.

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

आजी म्हणाल्या, "बायडेन."

"आवडतात?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "आवडते ती एलिझाबेथ वॉरन. तिने प्रत्येक गोष्टीचा हिशोब मांडलाय. पाच कोटी डॉलरच्या वर संपत्ती असेल तर वरच्या रकमेवर दोन टक्के कर, आणि त्या पैशातून पाळणाघरं. मी तीन मुलं वाढवून रात्रपाळ्या केल्या, मला त्याची किंमत माहीत आहे. पण ती निवडून येणार नाही. २०१६ ला आपण बाई उभी केली, काय झालं?"

मागच्या महिन्यात याच शहरात, ड्रेक विद्यापीठात झालेल्या वादसभेत हाच विषय निघाला होता. बाई निवडून येऊ शकत नाही, असं सँडर्स आपल्याला २०१८ मध्ये खासगीत म्हणाले होते, हे वॉरन यांचं सांगणं. सँडर्स यांनी ते साफ नाकारलं. दोघांतलं खरं कोण, यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस काम झालं नव्हतं.

मला त्या रविवारी एक गोष्ट खटकली. आजींना कोण आवडतं हे पक्कं होतं. पण त्या मत देणार होत्या ते 'इतरांना' कोण आवडेल याच्या अंदाजावर. आणि इतर? तेही आजींसारख्यांचा अंदाज बांधत असणार. प्रोग्रॅममध्ये असं झालं तर आम्ही त्याला लूपमध्ये अडकणं म्हणतो. ट्रम्पना कोण हरवू शकेल, हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. त्या रात्री दारावर केलेल्या पाहणीतही दहांतल्या सहा जणांनी हेच सांगितलं, की मुद्दे जुळण्यापेक्षा जिंकणारा उमेदवार महत्त्वाचा.

सोमवारी आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत पोचलो. बास्केटबॉलचं मैदान, भिंतींवर उमेदवारांचे फलक, एका टेबलावर घरून करून आणलेल्या कुकीज. मला छातीवर 'निरीक्षक' असा बिल्ला लावून पायऱ्यांवर बसवलं. मोजणी झाली, २१२ माणसं. पंधरा टक्के म्हणजे ३२. मग सगळे कोपऱ्यांत पांगले.

बुटिजेज ५२, सँडर्स ५१, वॉरन ४४, शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या सिनेटर एमी क्लोबुशार २९, बायडेन २४. दर महिन्याला प्रत्येकाला हजार डॉलर देऊ म्हणणारे अँड्र्यू यँग ९ आणि टॉम स्टायर ३. (कमला हॅरिस यांनी डिसेंबरातच माघार घेतली होती. आमच्या ऑफिसातली तमिळ मंडळी तेव्हापासून नाराज होती.)

ओबामांचे आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेले बायडेन आमच्या वॉर्डात बाद! ज्यांना 'जिंकणारा' म्हणून निवडलं, तेच पहिल्या फेरीत पडले. आजी त्या चोवीस जणांत पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

मग धावपळ. क्लोबुशार यांना तीनच माणसं कमी होती, त्यांचे लोक आधी पोचले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. ट्रम्पना मतं देणाऱ्या जिल्ह्यांतही एमी निवडून येतात, मधल्या मतदाराला चालतात. बारा जण गेले. आजींची मुलगी आली, नातू आला. दोघं आजींच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. नातू म्हणाला, "आजी, मला पुढची साठ वर्षं काढायची आहेत या देशात." मला पायऱ्यांवरून तो मुद्दा बिनतोड वाटला. मुलगी म्हणाली, "आणि मला पुढची पंधरा वर्षं नोकरी करायची आहे." तोही बिनतोडच.

मग वॉरनच्या कोपऱ्यातली एक बाई आली, आजींची जुनी सहकारी. "तुला ती आवडते. मला तू दहा वेळा सांगितलंयस."

आजी म्हणाल्या, "मला आवडून काय उपयोग? आमच्या समोरच्या घरातल्या त्या ट्रक मेकॅनिकला ती चालणार आहे का? त्याच्यासारख्यांची मतं मिळाल्याशिवाय नोव्हेंबरात कोणी जिंकत नाही."

त्या बाईने काही न बोलता मागे बोट दाखवलं. वॉरनच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, हातात टोपी घेऊन तो मेकॅनिक उभा होता. त्याने आजींना हात केला. दहा वर्षं समोरासमोर राहून दोघं बर्फ आणि कचऱ्याचा डबा यांपलीकडे कधी बोलले नव्हते.

आजी वॉरनकडे गेल्या.

शेवटची मोजणी: बुटिजेज ६४, सँडर्स ५८, वॉरन ४९, क्लोबुशार ४१. वॉर्डाच्या वाट्याला सहा प्रतिनिधी, ते प्रमाणात वाटायचे आणि पूर्णांकात आणायचे. दोन, दोन, एक, एक. वॉरनचा एक प्रतिनिधी आजी गेल्या नसत्या तरी एकच राहिला असता. मी मोबाइलवर गुणाकार करून बघितला होता, पण आजींना सांगितलं नाही.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "उद्यापासून ते एकमेकांशी बोलणार का?" दुसरा, "मालक आणि नोकर एकाच वॉर्डात राहत असतील तर नोकर कुठे उभा राहील?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पडदा असतो तो त्यासाठीच. शिवाय सोमवारी सातला ज्याची पाळी असते, ज्याच्या घरी तान्हं मूल असतं, तो येतच नाही. आजी स्वतः नोकरीत असताना वीस वर्षांत दोनदाच येऊ शकल्या होत्या. त्या वर्षी पक्षाने काही जादा ठिकाणं ठेवली, अगदी पॅरिस आणि ग्लासगोमध्येसुद्धा, पण पाळीवाल्यांचा प्रश्न त्याने किती सुटणार? आपल्या मंडळाची कार्यकारिणी दरवर्षी बिनविरोध निवडून येते, त्याबद्दल मी पूर्वी चेष्टा करायचो. हात वर करून मत द्यायचं म्हटलं की बिनविरोधच होणार, हे त्या रात्री कळलं.

त्या रात्री निकाल लागलाच नाही. वॉर्डप्रमुखांनी आकडे पाठवावेत म्हणून एक नवं अ‍ॅप दिलं होतं. अनेकांना त्यात लॉगिनच होईना, आणि मदतीचे फोन तासन्‌तास लागेनात. पक्षाने दुसऱ्या दिवशी सांगितलं की आकडे नोंदले बरोबर जात होते, पण कोडमधल्या चुकीमुळे पुढे अर्धवटच पोचत होते. मी हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. हे वाक्य मी स्वतः क्लायंटला लिहिलेलं आहे, वेगळ्या शब्दांत. नशिबाने त्या वर्षी प्रथमच प्रत्येकाकडून सही केलेलं कागदी कार्ड घेतलं होतं, त्यावरून सगळं पुन्हा जुळवता आलं. मंगळवारी संध्याकाळी ६२ टक्के निकाल आला, सगळा यायला गुरुवार उजाडला. प्रतिनिधींच्या हिशोबात बुटिजेज २६.२ टक्के, सँडर्स २६.१. नुसती डोकी मोजली तर सँडर्स पुढे. बायडेन चौथे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चौथे आलेले बायडेन २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकले. दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला, आणि नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. म्हणजे आजींचा रविवारचा अंदाज बरोबर निघाला असं म्हणता येईल. वॉरन असत्या तर काय झालं असतं, हे मात्र कुठल्याच टेस्टिंगमध्ये तपासता येत नाही. खुद्द आयोवा राज्य २०१६ प्रमाणे ट्रम्पकडेच गेलं.

मी त्याच वर्षी परतलो. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला नंबर काढून घेतला. २०२४ मध्ये तिथल्या डेमोक्रॅट मतदारांनी आपली पसंती टपालाने कळवली आणि निकाल ५ मार्चला जाहीर झाला. आजींनी मला त्या कार्डाचा फोटो पाठवला होता. स्वयंपाकघरातलं तेच टेबल, शेजारी चष्मा आणि कॉफीचा कप. खाली लिहिलं होतं: "दोन मिनिटांत झालं. कुकीज नव्हत्या. समोरचा मेकॅनिक विचारत होता, तू कोणाला दिलंस. मी म्हटलं, ये आत, सांगते."