मातीनं भरलेला घुमट आणि दवंडीच्या मोहरा

बिदरजवळच्या अष्टूरच्या थडग्यांपाशी जा, कलबुर्गीच्या किल्ल्यातल्या जामा मशिदीत जा, नाहीतर थेट विजापूरला गोल घुमटाखाली उभे राहा. एक गोष्ट ऐकायला मिळतेच. बिदर भागात कमठाण्यापासून भालकीपर्यंत ती घरोघरी सांगतात, सहलीतला गाइड सांगतो आणि आता ती मोबाइलवरही फिरते. गोष्ट अशी : एवढा मोठा घुमट बांधताना त्याला आधार कशाचा द्यायचा, हा सुलतानापुढे प्रश्न पडला. मग त्यानं आतली सगळी जागा मातीनं भरली, त्या ढिगावर घुमट बांधला आणि मातीत आधीच मोहरा मिसळून ठेवल्या. काम संपल्यावर दवंडी पिटली : माती उपसा, सापडेल ती मोहर तुमची. लोक तुटून पडले आणि बघता बघता घुमट रिकामा झाला.

गोष्ट खोटी आहे. ऐकणाऱ्याला ती पटते, कारण तिच्यात सुलतान हुशार आहे आणि लोक लोभी आहेत. गवंडी मात्र तिच्यात कुठंच नाही. ज्यानं घुमट बांधला त्यालाच वगळणारी ही गोष्ट आपण आपल्या मुलांना इतिहास म्हणून सांगतो, याचा मला राग येतो.

आधी हिशेब करू. गोल घुमटाचं आतलं दालन चौरस आहे, एक बाजू साधारण १३५ फूट. ज्या गॅलरीत माणसं आवाजाचे प्रतिध्वनी ऐकायला जातात, ती जमिनीपासून सुमारे ११० फुटांवर आहे. तिथपर्यंत माती भरायची तर २० लाख घनफूट माती लागेल. वर घुमटाची पोकळी, म्हणजे आणखी ५ लाखांच्या आसपास. एका टोपल्यात अर्धा घनफूट माती मावते असं धरलं, तर आत टाकायलाच ५० लाख टोपल्या, आणि बाहेर काढायला पुन्हा तेवढ्याच. आजच्या १० घनमीटरच्या टिपरनं वाहतूक केली तरी ७,००० खेपा होतील.

आणि खेपा हा त्यातला सोपा भाग. माती नुसती खाली बसत नाही, ती बाजूलाही रेटते. ११० फूट खोल मातीचा तळाशी भिंतीवर पडणारा आडवा दाब कोरड्या मातीच्या बेतानं काढला तरी दर चौरस मीटरला २० टनांच्या घरात जातो. एक पावसाळा त्या मातीत मुरला की तो आणखी वाढणार. नव्या, अजून पुरता न सुकलेल्या चुन्याच्या भिंती आतून अशा रेटायच्या, म्हणजे घुमट चढण्याआधीच इमारत बाहेर फुटण्याची सोय करायची. शिवाय भराव खचतो. शेताचा बांध घालणाऱ्यालाही हे माहीत असतं. खालची माती वीतभर दबली तरी वर अर्धवट बांधलेला घुमट तडकणार.

मग ही गोष्ट आली कुठून? विजापूरचीच असती तर समजलं असतं. पण इटलीतल्या फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलबद्दलही नेमकी हीच गोष्ट सांगतात. व्हासारी या लेखकानं १५५० साली छापलेल्या कलावंतांच्या चरित्रांत ती आहे : आत माती भरा, मातीत नाणी मिसळा, लोक ती फुकट उपसून नेतील. तिथं ती एक सुचवलेली युक्ती म्हणून येते आणि मागं पडते. ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं तो घुमट १४२० ते १४३६ या काळात जमिनीवरून आधार न घेताच बांधला. म्हणजे गोल घुमट उभा राहण्याच्या शंभर वर्षं आधीपासून ही गोष्ट जगात होती.

आता घुमट खरोखर कसा चढतो ते पाहू. ज्यानं आपल्या शेतात गोल विहीर बांधताना पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. विहिरीच्या दगडांच्या कड्याला बाहेरून माती रेटते, पण दगड आत पडत नाहीत, कारण प्रत्येक दगड शेजारच्या दोघांत अडकलेला असतो. कडं पुरं झालं की ते स्वतःच्या बळावर उभं राहतं. घुमटही अशाच कड्यांचा असतो, एकावर एक, प्रत्येक कडं खालच्यापेक्षा थोडं आत. कडं पुरं होईपर्यंत विटा घसरू नयेत एवढंच सांभाळायचं असतं, आणि ते काम चिकट चुना करतो. कडं मिटलं की ते पुढच्या कड्याचा पाया होतं. गोलाई चुकू नये म्हणून मध्यबिंदूपासून ताणलेली दोरी किंवा काठी पुरते.

हेन्री कझिन्स यांचा विजापूरच्या वास्तूंवरचा ग्रंथ पुरातत्त्व खात्यानं १९१६ साली प्रसिद्ध केला. गोल घुमटाबद्दल त्यांचं मत असंच होतं, की विटा आणि चुन्याचे आडवे थर देत घुमट बहुतांशी सेंटरिंगशिवाय, म्हणजे खालून तात्पुरता आधार न देता, चढवला आणि आधाराची गरज पडली ती माथ्याजवळच्या सपाट होत जाणाऱ्या भागाला. तो आधारही जमिनीपासून उभा करायची गरज नाही. खालचा घुमट तोवर पक्का झालेला असतो, त्याच्यावरच लाकडं टेकवता येतात. त्यात कारागिरांनी आणखी एक शहाणपण केलं. चार भिंतींवरून एकमेकींना छेदणाऱ्या कमानी टाकून १३५ फुटांचा चौरस वरती आवळत नेला, त्यामुळे मधलं उघडं तोंड ९७ फुटांच्या आसपास उरलं. गॅलरी त्या कडेवर बसली आणि घुमट तिच्या मागे, भक्कम जागी उभा राहिला. सामान चढवायच्या वाटाही इमारतीतच होत्या. चारही कोपऱ्यांच्या सात मजली मनोऱ्यांत गोल जिने आहेत. आज पर्यटक ज्या वाटेनं चढतात, त्याच वाटेनं तेव्हा चुना आणि विटा गेल्या असणार.

एवढ्यानं पटत नसेल तर बिदरपासून जवळच असलेल्या अष्टूरला जा. १४६१ साली वारलेल्या हुमायून शाह बहमनीच्या थडग्याचा घुमट ढासळला आहे. वीज पडून, असं सांगतात. अर्धाअधिक भाग गेला, उरलेला एका बाजूनं आकाशात झुकून उभा आहे. कवचाची जाडी कडेनं उघडी दिसते. खाली माती नाही, लाकूड नाही, समोरचा अर्धा भागही नाही, आणि तरी तो उभा आहे. ज्या चुन्यानं फुटलेला घुमट इतकी वर्षं धरून ठेवला, त्यानं चढत्या कामात एक कडं चार दिवस धरलं यात नवल ते काय?

मातीचा भराव कधी कुणी वापरलाच नाही, असं मात्र नाही. इजिप्तमध्ये कर्नाकच्या देवळाचं पहिलं महाद्वार अर्धवट राहिलं आणि त्याला टेकून कच्च्या विटांच्या उताराचे अवशेष आजही आहेत. अवाढव्य शिळा ओढून वर न्यायची तर उतार लागतो. पण आपल्याकडच्या घुमटांत शिळा नाहीतच. आहेत त्या विटा आणि हातानं उचलता येतील असे दगड. त्यांच्यासाठी डोंगर रचायची गरज नव्हती. अकबरनाम्यातली आग्र्याच्या किल्ल्याच्या बांधकामाची चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांत ओझी घेऊन उतारावरून चढणारी माणसं दिसतात, चुना कालवणारे दिसतात, दगड फोडणारे दिसतात. मोठं बांधकाम असं रोजच्या मजुरीतून वर जातं.

ताजमहालाची गोष्ट याच कुळातली : परांची विटांची होती आणि बादशहानं विटा ज्याच्या त्याला नेऊ दिल्यावर ती रातोरात उतरली. यात अर्धं खरं असू शकतं. लाकडाच्या टंचाईमुळे तिथं परांची आणि कमानींचे आधार विटांचे करावे लागले, आणि त्यांचाच खर्च बाकी कामापेक्षा जास्त झाला असं म्हणतात, हे फ्रेंच व्यापारी तावेर्निए यानं लिहून ठेवलं आहे. रातोरातचा भाग मात्र नंतर चिकटला.

परांचीबद्दलचे आणखी काही गैरसमज थोडक्यात.

जुन्या भिंतीतलं प्रत्येक भोक म्हणजे जंगी नव्हे. जंगी भिंतीच्या आरपार असते आणि खालच्या शत्रूवर नेम धरता यावा म्हणून बहुधा उतरती असते. सारख्या अंतरावर, एका ओळीत, वीत-दोन वीत खोल आणि पुढं बंद अशी चौकोनी भोकं दिसली तर ती परांचीच्या आडव्या बल्ल्यांची समजा. काम संपल्यावर बरीच बुजवतात, काही राहतात.

किल्ल्याचा तट बांधायला बाहेरून उंच परांची लागली असेल, हाही अंदाजच. रुंद तट स्वतःच गवंड्याची फळी असतो. थर पुरा झाला की त्याच्यावर उभं राहून पुढचा घालायचा. बिदरला तर दक्षिणेकडचा तिहेरी खंदक जांभ्यातच कोरून काढला आहे, मधे खडकाच्या भिंती तशाच राखून. वरून खाली खोदलेल्या कामाला परांची कशाला? वेरूळचं कैलास लेणंही असंच वरून खाली उतरलं.

याउलट महमूद गवानच्या मदरशाला परांची लागलीच असणार. १४७२ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीचा उरलेला मनोरा १३० फुटांच्या आसपास आहे. आत जिना आहे, त्यामुळे बांधकाम आतून चढलं असेल. पण बाहेरून रंगीत चकाकत्या फरशा बसवल्या आहेत, आणि त्या आतून बसवता येत नाहीत. बांबूची परांची म्हटली की लोकांना ती मागासलेली वाटते, पण बांबू स्वतः क्वचितच दगा देतो. दगा देते ती सैल बांधलेली दोरी आणि अपुरी फळी. परांचीच्या सुरक्षिततेसाठी आय. एस. ३६९६ हे भारतीय मानक आहे. गावातल्या दुमजली घराच्या गिलाव्यालाही ते लागू करायला हवं.

ताजमहाल पुरा झाल्यावर बादशहानं कारागिरांचे हात तोडले, अशीही एक कथा सांगतात; तिला समकालीन पुरावा नाही.

शेवटचा गैरसमज नवा आहे आणि तो किल्ले बांधायच्या संगणक-खेळांतून येतो. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून लोक खेळतात. त्यात उंच बुरूज बांधायचा तर आधी तात्पुरते जिने आणि फळ्या रचाव्या लागतात, आणि त्या उतरवायचा क्रम चुकला तर वरचा भाग कोसळतो. क्रमाचा हा धडा खरा आहे. परांची कशी उतरेल याचा विचार ती चढवण्याआधीच करावा लागतो. पण त्या खेळात अख्खा महाल जमिनीशी एका ठोकळ्यानं जोडलेला असला तरी तरंगत उभा राहतो, कारण तिथं जोड मोजली जाते, वजन मोजलं जात नाही. चुना सुकायला लागणारे महिनेही तिथं नसतात. आमच्या भागातल्या शिक्षकांनी अशा खेळाडू मुलांना एकदा अष्टूरला न्यावं, हुमायूनच्या घुमटाची फुटकी कडा दाखवावी आणि आत मावणाऱ्या मातीचा हिशेब त्यांनाच करायला सांगावा. लांबी, रुंदी, उंची. सातवीतलं गणित पुरतं.