प्रेशर वाढवलं की पिकअप वाढतो?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये मॉडिफिकेशनच्या गप्पा रंगल्या की एक सल्ला हमखास कानावर पडतो. ‘अरे, अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर टाक, प्रेशर थोडं वाढव, मग बघ गाडी कशी पळते!’ बाबांची किंवा काकांची जुनी पेट्रोल कार तुमच्या वाट्याला आली असेल, तर मोह होणारच. त्यात हा पार्ट दिसायलाही भारी असतो. लाल-निळं अ‍ॅल्युमिनियम, वर एक स्क्रू, बाजूला छोटासा गेज. ऑनलाइन मागवला की चार दिवसांत घरी हजर.

पण स्क्रूला अ‍ॅलन की लावण्याआधी तो नेमकं काय करतो हे समजून घ्या. कारण बॉनेटखाली तापलेल्या इंजिनशेजारी दाबाखालचं पेट्रोल वाहत असतं. तिथे ‘बघू, जमेल’ चालत नाही.

हा करतो काय?

टाकीतला पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्तच पेट्रोल पुढे ढकलतो. ते फ्युएल रेलमध्ये येतं आणि तिथून इंजेक्टर ते फवारतात. रेलमधला दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून रेग्युलेटर असतो. त्याच्या आत एक लवचीक पडदा आणि एक स्प्रिंग. दाब वाढला की पडदा उचलला जातो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटरमध्ये ही स्प्रिंग स्क्रूने आवळता येते. आवळली की दाब वाढतो, सैल केली की उतरतो. बास, एवढंच!

जुन्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हा दाब ३ बारच्या आसपास, म्हणजे साधारण ४३.५ पीएसआय असतो. रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डकडून एक बारीक व्हॅक्यूम पाइपही येतो. मॅनिफोल्डमधला दाब कमी-जास्त झाला की रेलमधला दाबही तेवढाच कमी-जास्त होतो. त्यामुळे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक कायम राहतो आणि ईसीयूचा हिशोब चुकत नाही.

आणि हो, तुमच्या गाडीच्या रेलला रिटर्न पाइपच नसेल, तर विषय तिथेच संपला. अलीकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये रेग्युलेटर टाकीतल्या पंपासोबतच बसवलेला असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये तर दाब शंभर बारच्याही वर जातो. तिथे हात घालायचाच नाही.

गणित सोपं आहे, पण उलटं

आता मुद्द्याचं. दाब वाढवला त्याच प्रमाणात पेट्रोल वाढत नाही. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ३ बारचे ४ बार केले, म्हणजे दाब ३३ टक्के वाढवला, तर पेट्रोल वाढतं फक्त १५ टक्के. दुप्पट पेट्रोल हवं असेल तर दाब चौपट, म्हणजे १२ बार करावा लागेल! तुमचा पंप त्याआधीच दम तोडेल. कारण दाब वाढतो तसा पंपाचा पुरवठा कमी होत जातो.

बरं, १५ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे १५ टक्के जास्त ताकद का? अजिबात नाही. पेट्रोल जळायला हवा लागते. वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. हवा तेवढीच आणि पेट्रोल मात्र जास्त, असं झालं तर ते जास्तीचं पेट्रोल नीट जळतच नाही. साधं चालवताना ऑक्सिजन सेन्सरला हे कळतं आणि ईसीयू गुपचूप पेट्रोल कमी करून तुमचा स्क्रू निकामी करतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र बहुतेक ईसीयू या सेन्सरकडे बघत नाहीत. मग काळा धूर, काळे पडलेले प्लग, घसरलेलं अ‍ॅव्हरेज आणि तापून खराब होणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. उलट दाब फार कमी ठेवला तर मिश्रण पातळ होतं, इंजिन नॉक करतं आणि पिस्टनलाच धोका.

मग हा पार्ट कोणासाठी? ज्यांनी टर्बो किंवा मोठे इंजेक्टर टाकलेत, वेगळा ईसीयू बसवलाय आणि जे ट्यूनिंग मोजून करतात त्यांच्यासाठी. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या इंजिनिअरिंगच्या टीमचं उदाहरण घ्या. पेट्रोलवरच्या गाड्यांमध्ये इंजिनाला हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधूनच घ्यावी लागते. हवेवरच बंधन असल्यावर नुसतं पेट्रोल ओतून काय मिळणार? म्हणून ती मुलं दाब ठरावीक ठेवतात आणि बाकीचं काम ईसीयूच्या मॅपमध्ये करतात.

बसवायचाच असेल तर

एवढं समजूनही तुमच्या प्रोजेक्टला तो लागणार असेल, तर अनुभवी मेकॅनिक सोबत हवाच. तरी क्रम तुम्हालाही माहीत हवा.

काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना. शेजारी ड्राय पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर. आसपास सिगारेट किंवा ठिणगी नको. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. मग दोन-तीनदा सेल्फ मारा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तरीही पाइप सोडताना थोडं पेट्रोल येतंच, म्हणून खाली कापड धरा.

मूळ रेग्युलेटर काढून त्या जागी अ‍ॅडॉप्टर बसतो. त्याची ओ-रिंग नवीनच हवी. नवा रेग्युलेटर एक्झॉस्टपासून लांब, घट्ट बसवा. इनलेट आणि रिटर्नची अदलाबदल करू नका. होज इंजेक्शनच्या दाबाला आणि ई२० पेट्रोलला चालणाराच घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा पाइप इथे चालत नाही. आट्यांवर साधी टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे इंजेक्टरमध्ये अडकतात.

आता फ्यूज आणि बॅटरी परत जोडा. सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. पंप प्रत्येक वेळी काही सेकंद चालतो. तेवढ्यात सगळे जोड टॉर्चने तपासा. थेंब सोडा, नुसता ओलसरपणा दिसला तरी थांबा.

सगळं कोरडं असेल तरच इंजिन चालू करा. व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करा आणि आयडलिंगवर गेज बघत कंपनीने दिलेला दाब सेट करा. लॉक नट आवळा, पाइप परत लावा. आता काटा थोडा खाली यायला हवा. आला नाही, तर व्हॅक्यूमच पोहोचत नाहीये. यापुढचं ट्यूनिंग वाइडबँड सेन्सर लावूनच. कानाने आवाज ऐकून मिश्रण कळत नाही.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रेग्युलेटर बाहेरून दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. धूर वाढला तर पीयूसीला अडकाल, आणि गाडीला आग लागली तर इन्शुरन्सवाले हेच आधी विचारतील.

जुन्या गाडीचा पिकअप खरंच गेला असेल, तर स्क्रूआधी साधा फ्युएल प्रेशर गेज लावून बघा. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर दाब कोसळत असेल, तर दोष बहुधा चोंदलेल्या फिल्टरचा किंवा थकलेल्या पंपाचा असतो. तो बदलला की गाडी पूर्वीसारखी पळू लागते, तेही कायद्यात राहून. आधी काटा वाचायला शिका, स्क्रू कुठे पळून जात नाही!